तीन सेंट

मी हिशेब लिहितो, म्हणून आधी आकडा सांगतो:
एका जोडामागे तीन सेंट.
तेवढ्यासाठी आम्ही अबिलियोला सोडलं.

फेल्गेराश. पोर्तुगालच्या उत्तरेला. इथे अर्धं गाव
उरलेल्या अर्ध्याच्या हातात काहीतरी अर्धवट देतं.
कोणी साचे कोरतं, कोणी सोल ओततं,
एका गॅरेजात तिघीजणी फक्त नाडीची भोकं पाडतात.
संध्याकाळी व्हॅन फिरतात,
आणि कुठल्याच एका छपराखाली न बनलेला बूट
रात्री खोक्यात पुरा होऊन बसतो.

आमचं कापखातं देओलिंदाकडे.
कातडं अंगठ्याने दाबायची. कधी ओठ मुडपायची, कधी नाही.
मुडपले, की फोन नदीपार:
"ह्या खेपेचं जनावर नुसतं पाण्यावर वाढलंय रे,
सदतीसला अर्धा मिलिमीटर चोर."
"चोरला," अबिलियो म्हणायचा, आणि मग
त्याच्या बायकोचे गुडघे, हिच्या पोराचं लक्झेंबर्ग.
चार-पाच मिनिटं. सव्वीस वर्षं.
कंपनीच्या फोनवर.

वाउटरला ती मिनिटं बिलात दिसली.
माणूस वाईट नव्हता. भाषा शिकला,
सिगरेट मागून ओढायचा, उशिरापर्यंत बसायचा.
म्हणाला, उद्या ही बाई आजारी पडली तर?
जे डोक्यात आहे ते कागदावर आणा.
आणलं. एकशे चौदा पानं.
ओठ मुडपण्याला रकाना नव्हता.

नवे सोल आले दुरून, बोटीने, वेळेवर,
लिहिल्याबरहुकूम, केसाचाही फरक नाही.
फरक नव्हता, तिथेच घात झाला.
कातडं त्या आठवड्यात सैल होतं
आणि देओलिंदाला ते कळलं होतं.
बोलली का नाहीस, मी नंतर विचारलं.
म्हणाली, फॉर्म भरला होता.
खरंच भरला होता. शिवणखात्याच्या ट्रेमध्ये,
बावीस फॉर्मांच्या खाली.
शिवणखातं पूर्वी तिच्याच टेबलावर डबा उघडायचं.
आता जेवणाच्या वेळा वेगळ्या,
यंत्रं रिकामी राहू नयेत म्हणून.

जोडा कुठे चावतो ते पायालाच ठाऊक.
हॅम्बुर्गच्या पायांना आठवड्यात कळलं,
आम्हाला नऊ हजार खोकी परत आल्यावर.

रात्री खतावणी उघडून बसलो.
माल, वाहतूक, दंड, सगळ्याला खाती आहेत.
त्या चार-पाच मिनिटांना नाही.
जमेला कधी धरलीच नव्हती,
मग खर्ची कशी घालू?

शेवटी मीच गेलो नदीपार.
अबिलियोने एक प्रेस विकली होती,
दुसरीवर पलीकडच्या कारखान्याचा माल.
वाइन नाही काढली. कॉफी दिली.
आमचा सोल घेतला, वाकवला, नाकाशी नेला.
"चांगलाय," म्हणाला, "तुमच्या बुटाचा नाही, एवढंच."
मग बराच वेळ प्रेसचाच आवाज.
"एप्रिलपासून देईन. जुन्या भावात नाही.
आणि आता सगळं लिहून द्यायचं बरं का, सहीसकट."
पूर्वी त्याने आमच्याकडे कागद मागितला नव्हता.
मी मान हलवली. आठ सेंट चढे.
उठता उठता त्याने विचारलं, "ती आहे का अजून?"
आहे म्हटलं.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, पावणेआठला,
कापखात्यातला फोन वाजला.
पोरांचे हात थांबले. काचेपलीकडे वाउटरचेही.
देओलिंदाने आधी सुरी पुसली,
मग हात, एकेक बोट,
आणि तो वाजू दिला.